वर्डल ते स्क्रॅबल : इंग्रजी 'कच्चं' असलं तरी हवा तो शब्द कसा शोधायचा?

जुलै २०१५. बेल्जियममधल्या लूव्हाँ-ला-नव्ह या शहरात फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा सुरू होती. ती जिंकली न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी. बातमी जगभर गाजली, कारण रिचर्ड्स यांना फ्रेंच बोलताच येत नव्हतं. स्पर्धेआधी साधारण नऊ आठवडे त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलची शब्दयादी पाठ केली होती. शब्दांचे अर्थ त्यांनी पाहिलेच नव्हते. कोणती अक्षरं कोणत्या क्रमाने आली की शब्द होतो, एवढंच त्यांना हवं होतं.

आता आपल्याकडे या. सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी वर्डलचे हिरवे-पिवळे चौकोन टाकतं. कुणी म्हणतं, "आज तीनमध्ये जमलं!" आणि ग्रुपमधले निम्मे लोक गप्प बसतात. कारण ठरलेलं असतं, "माझं इंग्रजी कच्चं आहे, हे खेळ आपल्यासाठी नाहीत."

पण या खेळांत नेमकं काय तपासलं जातं? इंग्रजी, की आणखी काही? आणि 'मधे आर आहे, शेवटी ई आहे, सी नाही' एवढीच माहिती हातात असेल, तर शब्दापर्यंत पोहोचायचं कसं? सविस्तर पाहूया.

आधी थोडक्यात : हे वर्डल आलं कुठून?

जॉश वार्डल हे मूळचे वेल्सचे सॉफ्टवेअर इंजिनियर. न्यूयॉर्कमध्ये राहत असताना त्यांनी हा खेळ आपली जोडीदार पलक शाह यांच्यासाठी तयार केला. पाच अक्षरी शब्द ओळखायचा, संधी सहा. अक्षर योग्य जागी असेल तर हिरवा चौकोन, शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळा, आणि शब्दात नसेलच तर करडा.

इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२ हजार आहेत. त्यातले बरेचसे कुणी कधी ऐकलेलेही नसतात. म्हणून पलक शाह यांनी ही यादी चाळली आणि माहितीतले शब्द बाजूला काढले. त्यातून सुमारे अडीच हजार शब्द उरले. पुढे उत्तरांची मूळ यादी २,३१५ शब्दांची झाली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबर २०२१ ला तो खेळणारे होते ९० जण. २ जानेवारी २०२२ ला हा आकडा तीन लाखांच्या पुढे गेला. त्याच महिन्याच्या शेवटी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने वर्डल विकत घेतलं. नंतर त्यांनी यादीत काही बदलही केले.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वर्डलचं उत्तर मुद्दाम रोजच्या वापरातलं ठेवलेलं असतं. बहुतेक वेळा तो शब्द तुम्ही शाळेत, सिनेमात किंवा बातम्यांत ऐकलेला असतो. म्हणजे अडचण शब्द माहीत नसण्याची कमी आणि तो वेळेवर न आठवण्याची जास्त असते. आणि आठवायला मदत करतात तीन गोष्टी : अक्षर किती वेळा येतं, कुठे येतं आणि कुणाच्या सोबत येतं.

पहिली गोष्ट : अक्षर किती वेळा येतं?

इंग्रजीत सगळी अक्षरं सारखी वापरली जात नाहीत, हे लोकांच्या फार आधी लक्षात आलं होतं. तारायंत्राच्या काळात सॅम्युअल मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेट्या पाहून कोणती अक्षरं जास्त लागतात याचा अंदाज घेतला, असं सांगितलं जातं. जे अक्षर जास्त लागतं, त्याची खूण छोटी. म्हणूनच मोर्सच्या लिपीत 'ई'साठी फक्त एक टिंब आहे आणि 'टी'साठी एक रेघ.

स्क्रॅबलचा जन्मही अशाच मोजणीतून झाला. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. आल्फ्रेड मोशर बट्स या आर्किटेक्टची नोकरी गेली होती. त्यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली आणि त्यावरून खेळातल्या सोंगट्या आणि गुण ठरवले. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये १०० सोंगट्या असतात. त्यात 'ई' १२, 'ए' आणि 'आय' प्रत्येकी ९, 'ओ' ८. 'क्यू', 'झेड', 'जे', 'एक्स' आणि 'के' मात्र एकेकच. 'ई'ला एक गुण, 'क्यू' आणि 'झेड'ला दहा. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी या खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव दिलं.

वर्डलच्या मूळ यादीत काय दिसतं? त्या २,३१५ शब्दांत सर्वाधिक वेळा येणारी दहा अक्षरं क्रमाने अशी : ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन, सी. 'ई' येतो १,२३३ वेळा. सगळ्यात कमी येतो 'जे', फक्त २७ वेळा. त्याच्या आधी 'क्यू', २९ वेळा.

इथे एक गंमत आहे. इंग्रजी लेख किंवा पुस्तक उघडून अक्षरं मोजली, तर 'ई'नंतर 'टी' येतो आणि 'एच'ही बराच वर असतो. कारण 'द', 'दॅट', 'धिस', 'देअर' हे शब्द प्रत्येक वाक्यात येतात. शब्दांच्या यादीत मात्र 'द' एकदाच मोजला जातो. त्यामुळे वर्डलच्या यादीत 'एच' थेट १४ व्या क्रमांकावर घसरतो. थोडक्यात, वाचताना जे अक्षर सतत दिसतं ते खेळात तितकंच कामाचं असेल असं नाही.

म्हणूनच अनुभवी खेळाडू पहिल्या प्रयत्नात नेहमीची अक्षरं असलेला शब्द टाकतात. सी-आर-ए-एन-ई म्हणजे 'क्रेन', किंवा एस-एल-ए-टी-ई म्हणजे 'स्लेट'. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वर्डलबॉटने सुरुवातीला 'क्रेन'ची शिफारस केली होती, नंतर 'स्लेट'ची.

दुसरी गोष्ट : अक्षर कुठे येतं?

अक्षर शब्दात आहे एवढं कळणं ही अर्धीच माहिती असते. त्याची जागा कळली की शक्यता झपाट्याने कमी होतात. वर्डलच्या मूळ यादीतले हे आकडे पाहा.

– 'ई' सगळ्यात जास्त वापरला जातो, पण त्याने सुरू होणारे शब्द फक्त ७२ आहेत. त्याने संपणारे शब्द मात्र ४२४.
– 'एस'ने सुरू होणारे शब्द ३६६ आहेत, सगळ्या अक्षरांत सर्वाधिक. 'एस'ने संपणारे फक्त ३६.
– 'वाय'ने संपणारे शब्द ३६४ आहेत. म्हणजे शेवटच्या जागेसाठी 'ई'नंतर 'वाय'चाच नंबर.

'एस'च्या बाबतीत इतका फरक का? कारण 'बुक्स', 'ट्रीज' यांसारखी नुसता 'एस' लावून केलेली अनेकवचनं वर्डल उत्तर म्हणून ठेवत नाही. अंदाज म्हणून असा शब्द टाकला तर चालतो, पण उत्तर तो नसतो. अनेक नवखे खेळाडू शेवटच्या जागी 'एस' टाकून एक संधी वाया घालवतात. या एका माहितीने ती वाचते.

स्क्रॅबलमध्ये बरोबर उलट आहे. तिथे अनेकवचन चालतं, त्यामुळे 'एस' ही सोन्यासारखी सोंगटी. आणि ती आहे फक्त चार वेळा. म्हणून जाणकार खेळाडू 'एस' दोन-चार गुणांसाठी खर्च करत नाहीत, मोठ्या डावासाठी राखून ठेवतात.

तिसरी गोष्ट : अक्षराची सोबत कुणाची?

मराठीत 'ङ'ने शब्द सुरू होत नाही, 'ळ'नेही सुरू होत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण माहीत असतं. इंग्रजीतही असे अलिखित नियम आहेत. ते एकदा लक्षात आले की रिकाम्या चौकोनांत काय बसू शकतं याचा अंदाज येतो.

'क्यू' आला की त्याच्या मागोमाग जवळपास नेहमी 'यू' येतो. 'सी-के' ही जोडी शब्दाच्या शेवटी येते, सुरुवातीला नाही. 'एच' पिवळा झाला तर आधी पाहायची जोडपी पाच : टी-एच, एस-एच, सी-एच, डब्ल्यू-एच आणि पी-एच. शब्दाच्या सुरुवातीला तीन व्यंजनं एकत्र दिसली, तर पहिलं बहुतेक वेळा 'एस' असतं. स्ट्रीट, स्प्रिंग, स्क्रीन हे शब्द आठवून पाहा. 'व्ही' शब्दाच्या शेवटी क्वचितच येतो, त्याच्या मागे 'ई' लागतोच. 'गिव्ह', 'सॉल्व्ह', 'नर्व्ह' ही त्याची उदाहरणं.

आणि ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर करडे झाले तर? घाबरू नका. तिथे 'वाय' स्वराचं काम करतो. ड्राय, एस-एच-वाय 'शाय', एल-वाय-एन-एक्स 'लिंक्स' आणि सहा अक्षरी 'ऱ्हिदम' हे शब्द पाचांपैकी एकाही स्वराविना होतात. आर-एच-वाय-टी-एच-एम, नीट पाहा.

आता प्रत्यक्ष करून पाहू

समजा तुम्ही पहिला शब्द 'क्रेन' टाकला, सी-आर-ए-एन-ई. उत्तर असं आलं : 'ई' हिरवा, 'आर' पिवळा, बाकी तिन्ही करडे.

म्हणजे काय काय कळलं? शेवटचं अक्षर 'ई' आहे. 'आर' शब्दात आहे, पण दुसऱ्या जागी नाही. सी, ए, एन नाहीत. मग 'आर' पहिल्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जागी असणार. डोकं खाजवण्याऐवजी कागदावर तीन रकाने करा.

'आर' पहिल्या जागी : रूट म्हणजे आर-ओ-यू-टी-ई, रिज म्हणजे आर-आय-डी-जी-ई.

'आर' तिसऱ्या जागी : हॉर्स, सर्व्ह, मर्ज, पर्स, फोर्ज, व्हर्स. सगळ्यांच्या शेवटी 'ई' आहे.

'आर' चौथ्या जागी : स्टोअर, शोअर, स्पायर, देअर, व्हेअर. इथेही शेवटी आर-ई.

यातला एकही शब्द अवघड नाही. पण नुसतं 'आर आणि ई असलेला शब्द' म्हणून आठवायला बसलं, तर यातले पाचही सुचत नाहीत. जागा ठरवून विचारलं की मेंदू उत्तर देतो.

पुढचा शब्द कोणता टाकायचा? यातला आवडता शब्द टाकण्याऐवजी असा टाका, ज्याने सगळ्यात जास्त शक्यता कटतील. उदाहरणार्थ एच-ओ-आर-एस-ई, 'हॉर्स'. 'आर' हिरवा झाला तर मधला रकाना उरला, बाकी दोन बाद. समजा ओ, आर, एस तिन्ही पिवळे आले आणि 'एच' करडा, तर उरतात स्टोअर, स्पोअर, स्वोअर असे मोजकेच शब्द. दोन प्रयत्नांत काम इथवर आलं.

यामागे गणित आहे. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी माहिती कशी मोजायची याचा सिद्धांत मांडला. साध्या भाषेत सांगायचं तर, ज्या प्रश्नाच्या उत्तराने शक्यता निम्म्या किंवा त्याहून कमी होतात, तो प्रश्न चांगला. 'थ्री ब्लू वन ब्राउन' या यूट्यूब चॅनेलचे ग्रँट सँडरसन यांनी २०२२ मध्ये वर्डल वापरूनच हा सिद्धांत समजावला होता.

चार हिरवे, तरी हरले! हा सापळा ओळखा

वर्डलमध्ये सगळ्यात जास्त चिडचिड कधी होते? शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी हिरवी झाली आणि पहिलंच सापडत नाही तेव्हा. कारण तिथे आठ नेहमीचे शब्द बसतात : एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट आणि टाइट. एकेक करून पाहत गेलात तर सहा संधीही पुरणार नाहीत. ओ-यू-एन-डी बाबतही तेच. बाउंड, फाउंड, हाउंड, माउंड, पाउंड, राउंड, साउंड, आणि डब्ल्यूने सुरू होणारा 'वूंड'. हेही आठच!

यातून सुटका कशी? एक संधी मुद्दाम 'खर्च' करायची. आय-जी-एच-टीच्या आठ शब्दांत पहिलं अक्षर ई, एफ, एल, एम, एन, आर, एस किंवा टी आहे. आता एफ-ई-आर-एन-एस, म्हणजे 'फर्न्स' हा शब्द टाका. हे उत्तर नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण त्यात आठपैकी पाच अक्षरं एकाच वेळी तपासली जातात. एखाद्याला रंग आला तर उत्तर मिळालंच. एकालाही आला नाही तर फक्त तीन उरले : लाइट, माइट, टाइट.

लक्षात ठेवा, 'हार्ड मोड' सुरू असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथे मिळालेली अक्षरं पुढच्या प्रयत्नात वापरावीच लागतात. म्हणून हार्ड मोड खेळणाऱ्यांनी चार अक्षरं हिरवी होण्याआधीच सावध व्हायला हवं.

आणखी एक गोंधळ दुहेरी अक्षरांचा. समजा उत्तर आहे एस-एच-ई-एल-एफ, 'शेल्फ'. तुम्ही टाकला एस-एच-ई-ई-पी, 'शीप'. पहिला 'ई' हिरवा आणि दुसरा करडा दिसेल. याचा अर्थ 'ई' नाही असा नसून दुसरा 'ई' नाही असा आहे.

स्क्रॅबलमध्ये कोडं उलटं असतं

वर्डलमध्ये अक्षरं शोधायची असतात. स्क्रॅबलमध्ये सात अक्षरं हातातच असतात, शोधायचा असतो क्रम. इथे खेळाडू एक सोपी पद्धत वापरतात. हातातली अक्षरं आधी वर्णक्रमाने लावायची.

ओ-पी-एस-टी ही चार अक्षरं घ्या. यातून किती शब्द होतात? स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स आणि ऑप्ट्स. तब्बल सहा! खेळाडू हे सहा शब्द वेगवेगळे लक्षात ठेवत नाहीत. 'ओ-पी-एस-टी म्हणजे हे सहा' अशी एकच गाठ बांधतात. सात अक्षरी ए-ई-आय-एन-आर-एस-टी हा संच तर खेळाडूंचा लाडका. त्यातून 'रिटेन्स', 'नॅस्टियर', 'रेटिनाज' असे अनेक शब्द होतात. सातही सोंगट्या एका डावात लावल्या की ५० गुण जास्तीचे मिळतात, त्यामुळे हा संच हातात राहील असा प्रयत्न केला जातो.

दुसरी युक्ती म्हणजे शब्दाचे तुकडे बाजूला काढणे. हातात आय, एन, जी आले तर ते शेवटी सरकवा आणि उरलेल्या चार अक्षरांकडेच पाहा. ई-डी, ई-आर, एल-वाय, तसंच सुरुवातीचे आर-ई आणि यू-एन यांचंही तेच. सात अक्षरांचं कोडं एकदम चार-पाच अक्षरांवर येतं.

तिसरी गोष्ट दोन अक्षरी शब्दांची. हे पाठच करावे लागतात, पण फार नाहीत, सव्वाशेच्या आसपास. अडचणीची अक्षरं खपवायला तेच कामी येतात. क्यू-आय म्हणजे 'ची', चिनी परंपरेतली जीवनशक्ती. झेड-ए म्हणजे पिझ्झाचं बोलीतलं छोटं रूप. हे दोन्ही शब्द उत्तर अमेरिकेच्या यादीत २००६ मध्ये आले. 'जे'साठी जे-ओ, 'एक्स'साठी ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स. 'व्ही' असलेला दोन अक्षरी शब्द मात्र एकही नाही, म्हणून 'व्ही' फार वेळ हातात ठेवू नये असं जाणकार सांगतात.

इथे मराठी माणसाचा फायदा आहे

'क्यू' आहे, पण 'यू' नाही. अशा वेळी इंग्रजी मातृभाषा असलेलेही अडतात. पण उत्तर बऱ्याचदा अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांत असतं, आणि ते आपल्या कानावरचे आहेत : फकीर, बुरखा, निकाब. एफ-ए-क्यू-आय-आर, बी-यू-आर-क्यू-ए आणि एन-आय-क्यू-ए-बी ही त्यांची यादीतली स्पेलिंग. 'बुरखा'त 'यू' आहे, पण तो 'क्यू'च्या मागे नाही! भारतासह जगात बहुतेक ठिकाणी स्पर्धांमध्ये वापरल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत तर 'कव्वाली'सुद्धा आहे.

तसंच 'एच'चं. आपल्याकडे घ, ध, ख, भ ही वेगळी अक्षरं. रोमन लिपीत ती नाहीत, म्हणून जी, डी, के, बी यांच्या मागे 'एच' लावला जातो. इंग्रज भारतात असताना असे बरेच शब्द इंग्रजीत गेले आणि तिथून स्क्रॅबलच्या यादीत. हातात 'जी-एच' असेल तर घाट, घी, घेराव आठवा. 'डी-एच' असेल तर धोती, धरणं, म्हणजे इंग्रजीतला डी-एच-ए-आर-एन-ए. 'के-एच' असेल तर खादी, आणि शेवटी चालत असेल तर एल-ए-के-एच, आपला लाख. यांशिवाय रोटी, साडी, लाठी, राज, करोड हेही यादीत आहेत. ज्वारीसुद्धा आहे, जे-ओ-डब्ल्यू-ए-आर. कॉलिन्सच्या यादीत सात अक्षरी 'तमाशा'ही सापडतो.

अट एकच, स्पेलिंग यादीतलंच हवं. आपण व्हॉट्सॲपवर मराठी शब्द जसे रोमनमध्ये लिहितो तसे ते चालतीलच असं नाही.

वर्ड फाइंडर कसं काम करतं?

'ही अक्षरं असलेले शब्द दाखवा' म्हणून इंटरनेटवर अनेक वर्ड फाइंडर मिळतात. त्यामागे जादू नाही. एक भलीमोठी शब्दयादी असते. तुम्ही दिलेल्या अटी लावून तीच यादी गाळली जाते. क्रम लावायचा असेल तर यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून तुमच्या अक्षरांशी जुळवली जातात. म्हणजे वर सांगितलेलीच पद्धत, फक्त वेगाने.

प्रश्न नीट विचारला तर उत्तर नीट येतं. 'वनलुक'सारख्या शब्दशोध साइटवर माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एक प्रश्नचिन्ह टाकायचं. म्हणजे चार प्रश्नचिन्हं आणि मग 'ई' टाकला, की पाच अक्षरी, 'ई'ने संपणारे शब्द येतात. कितीही अक्षरं चालत असतील तर तारा टाकायचा. बहुतेक फाइंडरमध्ये तीन वेगळे रकाने असतात : जागा माहीत असलेली अक्षरं, जागा माहीत नसलेली अक्षरं आणि नसलेली अक्षरं. तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि मग शेकडो शब्दांची यादी पाहून वैतागतात. करडी अक्षरं तिथे भरली की यादी पटकन आटोपशीर होते.

आणखी एक काळजी घ्या. फाइंडर कोणती यादी वापरतो ते पाहा. उत्तर अमेरिकेतली यादी आणि कॉलिन्सची यादी यांत फरक आहे. मित्रांसोबत स्क्रॅबल खेळताना 'हा शब्द आहे की नाही' यावरून होणारी निम्मी भांडणं यातूनच येतात. खेळ सुरू करण्याआधीच यादी ठरवून घेतली की वाद मिटला.

आणि हो, समोरच्यासोबत चालू डावात फाइंडर वापरणं ही फसवणूकच. पण डाव संपल्यावर 'माझ्या सात अक्षरांतून काय झालं असतं?' हे पाहणं हा शिकण्याचा उत्तम मार्ग आहे.

मग यातून इंग्रजी सुधारतं का?

थोडंफार, पण तेवढ्यासाठी खेळत असाल तर अपेक्षा बेताची ठेवा. स्पेलिंगची नजर तयार होते, काही नवे शब्द भेटतात. पण क्यू-आय पाठ झाल्याने कुणाला मुलाखतीत बोलता येत नाही. रिचर्ड्स यांनी फ्रेंच स्पर्धा जिंकली तरी त्यांना फ्रेंचमध्ये गप्पा मारता येत नव्हत्याच.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. इंग्रजी बोलताना अडखळणं हे या खेळांत हरण्याचं कारण नाही. २००३ मध्ये इंग्रजी स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं पानुपोल सुज्जयाकोर्न यांनी, २००९ मध्ये पाकोर्न नेमित्रमानसुक यांनी. दोघेही थायलंडचे, जिथली भाषाही इंग्रजी नाही आणि लिपीही वेगळी आहे. रिचर्ड्स यांनी पुढे २०२४ मध्ये स्पॅनिश भाषेतलं जागतिक विजेतेपदही पटकावलं.

आणि याच रिचर्ड्स यांनी इंग्रजीतलं आपलं पहिलं जागतिक विजेतेपद कुठे मिळवलं होतं, माहितीये? २००७ मध्ये, मुंबईत. २०१९ ची आंतरराष्ट्रीय खेळाडू संघटनेची अजिंक्यपद स्पर्धाही त्यांनी जिंकली, ती गोव्यात.

तेव्हा उद्या सकाळी ग्रुपवर हिरवे-पिवळे चौकोन आले की फोन बाजूला ठेवण्याआधी एक प्रयत्न करून पाहा. 'स्लेट' टाका, तीन रकाने आखा आणि शेवटच्या जागी 'एस' तेवढा टाळा.